हवा वाढली

राधाकिशनअण्णांच्या घरात कुठलीच वस्तू एकटी नांदत नसे. बोअरवर एक मोटर, तर दुसरी गोठ्यात पोत्याखाली झाकलेली. जीपच्या पाठीवर एक जादा टायर आणि टपावर आणखी एक. मोबाईल दोन. पक्षसुद्धा दोन, एक अंगात घातलेला आणि एक इस्त्री करून खुंटीवर टांगलेला. निवडणुकीचा अर्ज भरायला गेले की सोबत बायकोचाही अर्ज भरून येत. त्याला डमी उमेदवार म्हणतात. छाननीत अण्णांचा अर्ज टिकला की सत्यशीलाबाईंचा माघारी. बाई आजवर जितक्या वेळा उमेदवार झाल्या तितक्या वेळा त्यांनी नवऱ्यासाठी माघार घेतली, आणि माघारीच्या दिवशी त्यांना नेमका कसला तरी उपास असे. म्हणजे त्यागसुद्धा उपाशीपोटी.

असा हा सावध माणूस पाण्याखाली मात्र एकाच टाकीवर जायला निघाला होता.

जुनी टाकळी धरणात बुडाली त्याला पिढी उलटली. माणसं वर माळावर आली, तिथं नवी टाकळी झाली. महादेव तेवढा खाली राहिला. त्याला पुनर्वसनाचा प्लॉट मिळाला नाही; त्यानं अर्जच केला नव्हता. वैशाखात पाणी उतरलं की कळसाचं टोक वर येतं, मग म्हातारी माणसं काठावर येऊन हात जोडतात. पुढाऱ्यांनाही महादेव त्याच सुमारास आठवतो, त्यातही निवडणुकीच्या साली अंमळ जास्त. आजवर कुणी नावेतून कळसाला हार घातला होता, कुणी काठावर महाआरती केली होती. अण्णांनी ठरवलं, आपण थेट खाली जायचं. पाण्यात उतरून महादेवाला हार घालणारा मराठवाड्यातला पहिला पुढारी!

ही कल्पना त्यांना तारकर्लीच्या समुद्रात सुचली. मंडळी सहलीला गेली होती, तिथं सगळ्यांना पाण्याखाली नेऊन मासे दाखवले. अण्णांचा त्या वेळचा व्हिडिओ आहे. त्यात तिथला माणूस अण्णांना मांजरीनं पिलू धरावं तसं मानेला धरून फिरवतोय आणि अण्णा माशांना नमस्कार करताहेत. शेवटी एक प्रशस्तिपत्र मिळालं. ते बैठकीत लागलं, आणि तेव्हापासून घरी येणारा माणूस चहा मिळण्याआधी समुद्रात बुडवून काढला जाऊ लागला.

"अण्णा, मागच्या खेपेला आपण पडलो ते कावून?" त्रिंबक म्हणाला. त्रिंबक हा अण्णांचा उजवा हात, आणि जेवणाच्या वेळी दोन्ही हात. "हवा झाली न्हाई म्हणून. आता ह्या एका बुडीनं तालुक्यात तुमचीच हवा. बघा तुमी!"

"हवा पायजे बे," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "राजकारणात दुसरं हाय काय?"

पाण्यातही दुसरं काही नसतं, हे त्यांना सांगायला पौर्णिमा आली.

पौर्णिमा ही भीमनगरातल्या सर्जेराव मास्तरांची मुलगी. कोकणात जाऊन ती हे पाणबुडीचं रीतसर शिकली होती, तिथंच लोकांना शिकवत होती, आणि सुट्टीला घरी आली होती. सर्जेराव मास्तरांच्या घरचा चहा अण्णा दर निवडणुकीच्या वर्षी आवर्जून घेत. मधल्या वर्षांत त्यांची शुगर वाढलेली असे. ह्या वर्षी शुगर ठीक होती. अण्णांनी चहा घेतला आणि पोरीला म्हणाले, "तू फक्त संगं राहा. येतं मला सगळं. सर्टिफिकेट हाय."

"ते तुमी पाण्यात जाऊन आले ह्याचं हाय, काका. पाण्यात जायला येतं ह्याचं न्हाई," पौर्णिमा म्हणाली. मग तिनं अटी घातल्या. आधी काठाजवळ कमरेएवढ्या पाण्यात शिकायचं. खाली उतरल्यावर देवळाच्या बाहेरून हार घालायचा. सभामंडपात नाही, गाभाऱ्यात तर मुळीच नाही, कारण डोक्यावर छत आलं की सरळ वर येता येत नाही. आणि मोठ्या टाकीच्या जोडीला बगलेला एक लहान टाकी बांधायची, तिची नळी वेगळी, तिचा काटा वेगळा.

कोकणातून टाक्या आल्या, हवा भरायचं मशीन आलं, आणि अण्णांच्या अंगणात पाणबुडीची शाळा भरली. सत्यशीलाबाई ओट्यावर वाती वळत ऐकत असत.

"मोठ्या टाकीचे मनातल्या मनात तीन हिस्से करायचे," पौर्णिमा सांगे. "एका हिश्श्यात जायचं, एका हिश्श्यात यायचं. तिसरा राखीव. तो तसाच परत आणायचा."

"परत आणायचा तर न्यायचा कशाला?"

"जीपवर दुसरा टायर कावून ठेवता?"

"रस्ता खराब हाय म्हणून."

"पाण्यात रस्ताच न्हाई, काका."

सत्यशीलाबाई हसू पदराआड लपवत. त्यांना ह्यात अवघड काही वाटेना. सासूबाईंनी, म्हणजे छबुबाईंनी, हेच शिकवलं होतं: पिठाच्या डब्याचा तळ खरवडायचा नाही, खाली मूठभर ठेवायचंच. छबुबाई गेल्या, पण डब्याचा तळ सुनेनं अजून पाहिला नव्हता.

छबुबाईंनी आणखी एक शिकवलं होतं. घरात 'संपलं' म्हणायचं नाही. तो शब्द ऐकला की लक्ष्मी उंबऱ्यावरच थबकते. म्हणून पीठ संपत नाही, पीठ वाढतं. मीठ वाढतं, तेल वाढतं, कुंकू वाढतं. बांगडी फुटत नाही, वाढते. दिवा विझत नाही, वाढवतात. तशा सगळ्याच घरच्या बायका हे जाणतात, पण सत्यशीलाबाईंनी त्याचा नेम केला होता. त्यांच्या बाकीच्या नेमांसारखाच तो कडक: सकाळी तुळशीला पाणी, गाईला घास, त्याशिवाय तोंडात पाणी नाही; सोमवार, चतुर्थी, एकादशी; आणि 'संपलं' हा शब्द जन्मात नाही. त्यांचा आवाजही असा हलका की स्वयंपाकघरात म्हणालेलं मधल्या खोलीपर्यंत पोचताना अर्धं गळून जाई. अण्णा बैठकीत बसत. त्यांच्यापर्यंत काहीच पोचत नसे. घरात काय वाढलं नि काय उरलं, हे बघायला गडी होता. अण्णांना वाढवायचा माहीत होता तो नारळ, तोही उद्घाटनाचा.

लहान टाकीला अण्णांनी साफ नकार दिला.

"दोन टाक्या घेऊन गेलो तर लोक काय म्हणतील? अण्णाला भ्या वाटतं. विरोधक तर म्हणतील, ह्यानं महादेवापुढंसुद्धा डमी उभा केला."

"भ्या वाटतं म्हणूनच घ्यायची असती," पौर्णिमा म्हणाली. "आन् तुमी हवा लई ओढता. मी जेवढ्या हवेत जाऊन येते, तेवढ्यात तुमची निम्मी वाट होते."

हे खरं होतं. अण्णांना भाषणाची सवय. कमरेएवढ्या पाण्यातही ते असा श्वास घेत की जणू आता बंधूंनो आणि भगिनींनो म्हणणार आहेत. काटा लालमध्ये आला तरी वर येत नसत. म्हणत, "आमची जीप लाल काट्यावर सिरसाळ्याहून घरी येती."

"जीप बंद पडली तर मागून ढकलता येते, काका."

त्या संध्याकाळी सत्यशीलाबाईंनी देवापुढं बसून संकल्प सोडला: जोवर हे दुसरी टाकी घेत नाहीत, तोवर मिठाला शिवायचं नाही. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. अळणी व्रत शास्त्रात आहे, त्याला कुणाची हरकत असायचं कारण नाही. फक्त बाई मिठाला शिवणार नाहीत म्हटल्यावर वरणात कोण घालणार? व्रत त्यांचं, अळणी मात्र सगळं घर. अण्णांनी पहिल्या दिवशी वरण खाऊन बायकोच्या भक्तीचं कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी नुसतं वरणाकडे पाहिलं. पुढं ठेचासुद्धा बिनमिठाचा पानात आला, तेव्हा ताट सारून म्हणाले, "बांध ती लहान टाकी. बांध एकदाची! पण लोकांपुढं तिला टाकी म्हणायचं न्हाई. म्हणायचं, ही पूजेची हाय."

बाईंनी संकल्प पुरा झाला म्हणून देवापुढं साखर ठेवली आणि वरणात मीठ घातलं. अण्णा भुरके मारत जेवले. हात धुताना आजूबाजूला कुणी नाही असं पाहून ते बायकोच्या कानाशी आले.

"बरं केलंस तू. आता दोन टाक्या. ती पोरगी बाहेर थांबली तर थांबू दे, मी तिची नजर चुकवून गाभाऱ्यात जातो. मोठीवर आत, लहानीवर बाहेर. महादेवापुढं नारळ वाढवून येतो. डोक्याला कॅमेरा बांधणार हाय, त्यात सगळं येतंय. मग बघ हवा!"

सत्यशीलाबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "अहो, ती आतलं नको म्हणली ना? ही टाकी अडीअडचणीची—"

"तुला महादेवाची आण हाय, पौर्णिमेला बोलशील तर!"

झालं. आण घातली म्हणजे बाईंच्या तोंडाला कुलूप, आणि हे तीस वर्षांच्या संसारात अण्णांना पक्कं ठाऊक. नवरा बुडू नये म्हणून बाईंनी मीठ सोडलं, आणि त्या मिठाच्या जोरावर नवरा जास्त खोल निघाला. व्रताचं फळ असं हातोहात मिळालेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

सोमवारचा मुहूर्त धरला. काठावर मांडव, खुर्च्या, हलगी, माईक. मांडवापुढं भली मोठी फुग्यांची कमान. कळस पाण्याबाहेर हातभर दिसत होता. एवढ्या माणसांत तो एकटाच शांत होता. काठाला गहिनीनाथ भोयाची इंजिनाची नाव उभी होती. पौर्णिमेनं सकाळीच दोन्ही टाक्या भरून, काटे बघून मांडवात ठेवल्या होत्या आणि ती नावेत दोर, शिडी, बाकीचं सामान लावायला गेली होती.

सत्यशीलाबाई पूजेचं ताट घेऊन टाक्यांपाशी आल्या. दसऱ्याला जीपची पूजा होते, ट्रॅक्टरची होते. नवरा ज्याच्या भरवशावर पाण्यात जाणार त्याची नको? मोठ्या टाकीला त्यांनी हळदकुंकू वाहिलं. मग लहानीला. काच कुंकवानं भरायला नको म्हणून पदरानं पुसली, तर काटा शून्यावर.

त्यांनी पुन्हा पुसली. काटा तिथंच.

"त्रिंबक भाऊजी," त्या म्हणाल्या, "ह्या टाकीला कुणी हात लावलाता का?"

त्रिंबक कमानीचा शेवटचा फुगा बांधत होता. "मीच की, वैनी! फुग्याचा पंप बिघडला ऐनवेळी. मग म्हणलं, ही पूजेचीच तर हाय, अण्णा कुठं तिला तोंड लावणार? नळीला फुगा लावला, बटन दाबलं, की फुर्रर्र! सिरसाळ्याहून माणूस बोलवायचा वाचला बघा." आणि तो आपल्या कमानीकडे बघत राहिला. कमान वाऱ्यावर डुलत होती.

पौर्णिमेशी बोलायचं तर महादेवाची आण आडवी. पण घाबरायचं कारण काय? ह्यांना सांगितलं की झालं. पौर्णिमा टाकी पुन्हा भरून देईल, थोडा उशीर होईल. मुहूर्त काय, महादेवाला घाई नाही.

पण अण्णा एकटे कुठं सापडायला? काळा घट्ट पोशाख घालून ते मांडवात आले आणि माणसांत बुडाले. त्या पोशाखात त्यांचं पोट तिसऱ्या टाकीसारखं दिसत होतं. शिवाय आता औक्षणाची वेळ झाली होती. पत्रकारांनी मोबाईल वर धरले. सत्यशीलाबाईंनी ताटात निरांजन लावलं आणि नवऱ्याच्या कपाळाला कुंकू लावून ओवाळायला लागल्या. हीच वेळ होती. त्या जवळ सरकल्या. हातात पेटतं निरांजन, समोर नवऱ्याचं कपाळ, आणि सांगायचं होतं नवऱ्याच्या श्वासाचं. जन्मात न उच्चारलेला शब्द ह्या घडीला कसा काढायचा? त्यांनी आपल्या रीतीनं सांगितलं.

"अहो, लहान टाकीतली हवा वाढलीय. त्रिंबक भाऊजींनी फुग्यात—"

"वाढली?" अण्णांचा चेहरा उजळला. पुढचं हलगीनं गिळलं. ते मागं वळले, माईक हातात घेतला आणि गरजले, "बंधूंनो! आमच्या घरच्यांनी महिन्याचं अळणी व्रत केलं! त्या व्रताच्या पुण्याईनं आज टाकीतली हवा आपोआप वाढलीय!"

टाळ्या पडल्या. महिना कुठून आला हे बाईंना कळलं नाही, पण त्यांना हायसं वाटलं. कारण हे त्यांच्या ओळखीचं होतं. रस्ता वाहून गेला की अण्णा माईकवर 'रस्ता मार्गी लागला' म्हणत. निवडणूक हरले तेव्हा 'नैतिक विजय' म्हणाले होते. म्हणजे खरं काय ते ह्यांना कळलं, आणि लोकांना उलटं सांगितलं. बाईंनी समाधानानं ताट खाली केलं.

तेवढ्यात अण्णा निघालेसुद्धा. कुणीतरी लहान टाकीला झेंडूचा हार गुंडाळला, दोघांनी ती उचलली. नावेत पौर्णिमेनं मोठ्या टाकीचा काटा पाहिला, मान हलवली. मग लहानीकडे वळली.

"हिचा काटा बघू."

"बघितला आमच्या घरच्यांनी," अण्णा काठावरच्या लोकांना हात हलवत म्हणाले. "वाढलीय."

"उन्हात ठेवली असंल, थोडी वाढते," पौर्णिमा म्हणाली. "पण हार काढा, मला बघू द्या."

"अगं, देवाचा हार हाय! असा काढत्यात का? कळसापाशी गेलो की बघ. गहिनीनाथ, ओढ दोरी!"

इंजिन धडधडलं, नाव निघाली. सत्यशीलाबाई ताट घेऊन काठावर उभ्या. एवढं बोलणं त्यांना ऐकू आलं आणि समजेना. टाकी भरून घ्यायची सोडून नाव कळसाकडे कशी?

"भाऊजी," त्यांनी त्रिंबकाला गाठलं, "ह्यांना सांगितलं मी, लहान टाकीतली हवा वाढली म्हणून."

"ऐकलं की, वैनी! साऱ्या तालुक्यानं ऐकलं!" त्रिंबक भारावला होता. "काय पुण्याई हाय तुमची! म्या एवढे फुगे भरले तरी उलटी वाढली!"

त्याच्या चेहऱ्याकडे बघता बघता बाईंच्या लक्षात आलं. ह्या माणसाला खरंच वाटतंय. आणि ज्यानं घरातल्या पिठाचा डबा तीस वर्षांत कधी उघडला नाही, त्यालाही खरंच वाटतंय. आता हे मोठ्या टाकीतली हवा ओढत गाभाऱ्यात जाणार. तिथं अंधारात ती आटली की लहानीची नळी तोंडात घालणार.

"अहो!" त्या ओरडल्या. म्हणजे त्यांच्या मते ओरडल्या. शेजारी उभ्या असलेल्या बाईनं वळून विचारलं, "काही म्हणालात का?"

हलगी, इंजिन, घोषणा. नाव निम्म्या वाटेवर. सत्यशीलाबाई मांडवात शिरल्या आणि त्यांनी माईक उचलला. असा माईक त्यांनी आजवर फक्त नवऱ्याच्या हातात बघितला होता.

"अहो... थांबा," कर्ण्यातून त्यांचा बारीक आवाज पाण्यावर गेला. "लहान टाकीतली हवा वाढलीय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. हलगीवाल्यानं वेग वाढवला. कुणीतरी 'हर हर महादेव'ची आरोळी दिली. दूर नावेत अण्णांनी दोन्ही हात वर करून अभिवादन स्वीकारलं आणि ते नावेच्या कडेवर पाण्याकडे पाठ करून बसले, उलटं पडायच्या तयारीत.

सत्यशीलाबाईंनी हातातलं ताट खाली ठेवलं. निरांजन अजून जळत होतं. त्याला ऐकू जाऊ नये म्हणून त्याच्याकडे पाठ केली. मनात सासूबाईंची माफी मागितली. आणि डोळे मिटून, ह्या जन्मात काढला नव्हता एवढ्या आवाजात त्या माईकमध्ये म्हणाल्या,

"संपली! ह्यांची हवा संपली!"

हलगी थांबली.

"संपली हो! ह्यांची हवा संपलीय! परत या!"

मांडवात अशी शांतता पडली की फुगे एकमेकांना घासल्याचा आवाज आला. पुढच्या रांगेतल्या एका कार्यकर्त्यानं गळ्यातला रुमाल हळूच काढून खिशात घातला. मागं एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "घरच्याच म्हणत्यात म्हणल्यावर खरंच असंल." मग मागच्या खुर्च्यांवरून जे हसू फुटलं ते पुढपर्यंत आलं. पत्रकारांचे मोबाईल नावेकडून वळून बाईंवर स्थिरावले.

नावेत पौर्णिमेनं मागं झुकलेल्या अण्णांचं टाकी बांधलेलं जाकीट दोन्ही हातांनी धरलं होतं. तिनं हार ओरबाडला, काच पुसली, वाकून बघितलं. इंजिन फिरलं आणि नाव काठाकडे आली.

काठाला लागताच ती खाली उतरली. "काटा शून्यावर हाय. सकाळी मी भरलीती. आन् चूक माझी बी हाय, काकू. काटा न बघता मी इंजिन चालूच होऊ द्यायचं न्हवतं." मग ती अण्णांच्या जाकिटाच्या फुगलेल्या खिशाकडे बघत राहिली, हात घातला आणि सुतळीनं बांधलेला नारळ बाहेर काढला. "हा कुठं वाढवणार होते, काका?"

अण्णा आभाळाकडे बघू लागले.

"गाभाऱ्यात," तिचं तिलाच उत्तर मिळालं. "मोठीवर आत जाणार, लहानीवर बाहेर येणार. ती हवा वापरायला नसती, काका, ती वाचवायला असती. बघायची हाय तुमची परतीची हवा?" तिनं बोट दाखवलं. "ती बघा, तिथं लटकलीय."

सगळ्यांनी कमानीकडे पाहिलं. त्रिंबकानंही पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्याला तिचं कौतुक वाटलं नाही. अण्णांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आणि त्या काळ्या पोशाखात ते तिथंच खाली बसले.

पुढच्या आठवड्यात तालुक्याला करमणूक मिळाली. बाईंचा व्हिडिओ जिल्हाभर, गेवराईपासून कड्यापर्यंत फिरला. विरोधकांनी प्रचाराचं गाणंच केलं त्याचं. अण्णांच्या पक्षानं अण्णांशी बोलणं कमी केलं. खुंटीवरच्या पक्षानं फोन उचलायचं बंद केलं. घरात नेम बाईंचे होते, मौन मात्र अण्णांनी धरलं. बैठकीतलं प्रशस्तिपत्र त्यांनीच उतरवलं, आणि भिंतीवर राहिलेल्या चौकोनाकडे बघत बसू लागले.

अशाच एका दुपारी सत्यशीलाबाई ओसरीवर पोथी वाचत होत्या. गडी रानात गेला होता. आत भांड्यांची खडखड झाली, म्हणून त्या उठून बघायला गेल्या, तर स्वयंपाकघरात अण्णा उभे. ह्या खोलीत त्यांना उभं राहिलेलं बघून बाईंना कुणी पाहुणा वाट चुकल्यासारखं वाटलं. समोर चहाचं पाणी उकळत होतं आणि अण्णा एकेक डबा उघडून आत वाकून बघत होते.

"साखर..." ते म्हणाले आणि थांबले. डब्यात पुन्हा पाहिलं. "साखर वाढली का गं?"

"वाढली," बाई म्हणाल्या. "तळाला मूठभर दिसती ती राखीव हाय. ती घ्यायची न्हाई."

अण्णांनी निमूटपणे डब्याचं झाकण लावलं. बिनसाखरेचा चहा दोन कपांत ओतला. सगळ्या गोष्टी दोन-दोन असणाऱ्या त्या माणसानं बायकोसाठी दुसरा कप पहिल्यांदाच भरला होता. घोट घेऊन तोंड वाकडं केलं. मग म्हणाले,

"मी आत गेलो असतो. खरंच गेलो असतो."

"गेला असता तर पेपरात मोठा फोटो आला असता. चौकट बी आली असती भोवती."

अण्णांनी कप खाली ठेवला. "सगळी हवा घालवलीस माझी. आन् 'संपली' म्हणलीस, तेही माईकवर. उभ्या जन्मात हा शब्द घरात ऐकला न्हवता मी."

"तुमी घरात ऐकलंय काय?" बाई इतक्या मऊ आवाजात म्हणाल्या की अण्णांना पुढं वाकावं लागलं. ते वाकले.

"वाईट वाटलं मला. त्या रात्री सासूबाईंच्या नावानं निरांजन लावलं, क्षमा मागितली," बाई म्हणाल्या आणि कप उचलायला हात पुढं केला, तशा हातातल्या हिरव्या बांगड्या किणकिणल्या. "पण काय करायचं? हवा संपली म्हणले, म्हणून ह्या वाढवायच्या राहिल्या."

अण्णांना ह्या खेपेला शब्दाचा अर्थ विचारावा लागला नाही. त्यांनी पायात वहाणा घातल्या, कोनाड्यातली पिशवी घेतली आणि दुकानात साखर आणायला गेले.